दारावरच्या पाट्या

शिंप्याने रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह लेकीच्या हातात तान्ह्या बाळासारखा ठेवला. “तुझ्या आईचं हसणंबोलणं एवढ्यातच उरलंय गं, पण एकही व्हिडिओ उघडेना.” लेकीने नव्या कॉम्प्युटरवर प्लेअर बदलून पाहिले, फायली ढिम्म हलेनात. मग तिच्या ध्यानात आलं. “बाबा, तुम्ही नुसते शॉर्टकट उचलून आणलेत. या दारावरच्या पाट्या आहेत, घर जुन्या कॉम्प्युटरमध्येच राहिलं. कुठाय तो?” “भंगारात घातला.” “मग भंगारवाल्याकडे जाऊ, डिस्क तरी मिळेल.” “ती मीच आधी काढून हातोड्याने फोडली, बाई. परक्या कुणी तुझ्या आईला बघू नये म्हणून.” लेकीने माउस बाजूला सारला. शिंप्याने चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. “पाट्या तरी वाच.” ती वाचू लागली, “आई हसताना. आई रुसताना. आई सुईत दोरा ओवताना.” त्याने डोळे मिटले. “पुन्हा वाच.”