खुर्चीचा कौल

आरोग्य केंद्रातली खुर्ची कुणाचं वय विचारत नसे. बसणाऱ्याला आपण काय ठरवतोय ते कळतंय का, एवढंच ती बघे. कळत असलं तर हिरवा दिवा, नाहीतर तांबडा, आणि मग पालकाची संमती आणा. एकदा तिने अख्ख्या ग्रामपंचायतीला ओळीने तांबडा दाखवला होता म्हणतात.

बारा वर्षांची केशर एकटीच येऊन बसली. उद्या तिच्या भावाचं बारसं, आणि ठिपक्यांच्या तापाची लस नसलेल्याला पाळण्याजवळ जायला बंदी. दिवा हिरवा झाला आणि कदम सिस्टरनी टोचलंसुद्धा.

तेवढ्यात तिचा बाप, विश्राम तांडेल, धापा टाकत आला.

"मला न विचारता पोरीला टोचलंत? आमच्यात लस चालत नाही."

"का बरं? बसून सांगा," सिस्टर म्हणाल्या.

विश्राम तावातावाने बसला. "लशीने रक्त पातळ होतं. जाळं ओढायची ताकद जाते."

खुर्ची तांबडीलाल झाली.

"बारशाला लस तुम्हालाही लागेल. ती घ्यायची की नाही, ते आता तुमच्या वतीने घरातलं कोणीतरी हिरवं माणूस ठरवेल," सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या आणि केशरकडे वळल्या.

केशरने नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण भर वादळात होडी हाकणारा बाप घामाने निथळत होता. तिने त्याचा हात धरला.

"बाबा, सुईची भीती वाटते ना?"

विश्रामने हळूच मान डोलावली. खुर्ची हिरवी झाली.

"चला, आता तुमचं तुम्हीच ठरवा," सिस्टर म्हणाल्या.

त्याने मोठा श्वास सोडला आणि बाही वर केली. "टोचा. पण पोरीला इथंच थांबू द्या."