पातीएवढी फट

“एक्सिलेटर पूर्ण पिळून धरा, मास्तर. आणि आता मारा किक, पायात जोर घेऊन.”

टेलर मास्तरांनी किक मारली. एकदा, दोनदा, पाच वेळा. जिन्याची पायरी चुकावी तसा पाय दर वेळी रिकामाच खाली जात होता. प्लगच्या भोकात बसवलेल्या, दाब मोजायच्या गेजचा काटा साठावर जाऊन थांबला.

“साठ,” आप्पा फिटर म्हणाले. “एकशेवीस तरी हवेत. जुनी असली म्हणून काय झालं, गेल्या महिन्यात पळत होती की.”

त्यांनी चमचाभर तेल त्या भोकातून आत सोडलं. “आता काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. नाही चढला तर हवा वरून पळतेय, व्हॉल्व्हमधून.”

रिंगा म्हणजे अख्खं इंजिन खोलणं, आठवड्याचं काम. तरी मास्तरांना मनातून रिंगाच हव्या होत्या. त्यांनी जीव तोडून किक मारली.

काटा पासष्टावर अडला.

आप्पांनी व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या स्क्रूंची, टॅपेटची, झाकणं काढली आणि फट मोजायची आपल्याकडची सगळ्यात पातळ पाती आत सरकवून पाहिली. ती शिरेना. “इंजिन गार असताना इथे कागदाएवढी फट लागते. इथे तर केसाएवढीसुद्धा नाही. व्हॉल्व्ह बिचारा मिटणार कसा?” मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, “कुणी हात लावला होता का याला?”

विचारलं सहजच. पण चोराच्या मनात चांदणं.

“नाही,” मास्तर म्हणाले. इतक्या पटकन की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

रविवारी बायको म्हणाली होती, “आधी तुमच्या गाडीची टकटक घरात येते, मग तुम्ही.” शिलाई मशीन असं टकटकायला लागलं की मास्तर एक स्क्रू पाव फेरा आवळत, आणि ते गप्प होई. चाळीस वर्षांत त्या हाताने दगा दिला नव्हता. त्यांनी पाना घेतला आणि टॅपेट आवळले. आवाज गेला. सोमवारी दमही गेला.

“मग मीच,” आप्पा म्हणाले. “शेवटचे मीच बसवले होते.”

त्यांनी फट मोजून ठेवली, नट घट्ट केले आणि पुन्हा गेज लावलं. एकशे अठरा. “वाचला. आणखी आठ दिवस चालवली असतीत तर व्हॉल्व्ह जळला असता. माझ्यामुळे.”

बाकावर नंबर धरून बसलेला टेम्पोवाला हसला. “आप्पा, चष्मा बदला आता. नाहीतर बायको तरी.”

“बायको बदलून टॅपेट दिसत नाहीत रे,” आप्पा म्हणाले. पण ते स्वतः हसले नाहीत. त्यांनी ती पाती उजेडाकडे धरली, डोळ्यांजवळ आणली, मग लांब नेली. मास्तरांनी ती हालचाल ओळखली. हल्ली सुईत दोरा ओवताना ते असंच करत.

घरी गरम पाण्यात आटवलेला शर्ट दुकानात आणून “माप चुकलं तुमचं” म्हणणारी गिऱ्हाइकं मास्तरांनी ढिगाने पाहिली होती. अशा माणसांबद्दल ते जेवताना काय काय बोलत, ते बायकोला पाठ होतं. आणि त्या गिऱ्हाइकांनी निदान तोंड तरी उघडलेलं असे.

प्लग बसला. मास्तर गाडीवर बसले. पहिल्याच किकेला इंजिन लागलं, अगदी पूर्वीसारखं. रस्ता समोर मोकळा होता.

आप्पांचे हात तेलाने माखलेले. त्यांनी कुणाला तरी फोन लावून तो टेबलावर ठेवला होता, स्पीकर लावून. त्यांनी मास्तरांना हाताने खूण केली. “जरा बंद करा हो, ऐकू येत नाही.”

मास्तरांनी इंजिन बंद केलं. आता शब्दन्‌शब्द ऐकू यायला लागला.

“माझी गाडी तर झकास चाललीये, आप्पा,” फोनवरची बाई सांगत होती. “रात्रपाळीला दवाखान्यात तिच्यावरच जाते मी.”

“म्हणूनच म्हणतो ताई, घेऊन या. मास्तरांचे बसवले त्याच आठवड्यात तुमचेही टॅपेट बसवलेत मी. माझा हात चुकायला लागलाय.”

“काहीतरीच. तुमचा हात?”

“हो. माझाच.”

टेम्पोवाला आता हसत नव्हता. तो आपल्या टेम्पोकडे बघत होता.

आप्पांनी करंगळीने फोनवर पुढचा नंबर शोधायला घेतला. “अजून दोघांना बोलवायचंय. तुम्ही निघा, मास्तर. आणि एक सांगू? दुसरा कुणी असता तर चार लोकांत माझी काढली असती. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.”

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पाय जमिनीला टेकलेलेच राहिले. मग ते उतरले, आणि त्यांनी गाडी ओढून पुन्हा स्टँडवर लावली.

“काय मास्तर,” टेम्पोवाल्याने विचारलं, “अजून काही राहिलं?”

“राहिलंय,” मास्तर म्हणाले, आणि आप्पांचं बोट नंबरावर पडायच्या आत त्यांनी फोनवर आपला हात उपडा ठेवला.