पाटातली फळी

"अहो, रिटायर झालात ना?" मी म्हटलं. पण आमचे हे तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. चीनच्या डोंगरातल्या त्या जुन्या गावात घरोघरच्या उंबऱ्याशी वाहणारे दगडी पाट बघून ते कुठले ऐकतात! प्रत्येक पुलावर थांबून पाण्यात काडी टाकायची आणि घड्याळ बघायचं.

संध्याकाळी बाजार उठला तसं कुणीतरी पाटात आडवी फळी घातली. पाणी काठ ओलांडून चौकात शिरलं. "अगं, गाव बुडेल!" असं ओरडत हे धावले आणि त्यांनी फळीच उपसली.

मागे खराटा घेऊन उभी असलेली म्हातारी तिच्या भाषेत त्यांना मनसोक्त बोलली. आमच्या टूरवाल्या मुलीने हसू दाबत सांगितलं, "काका, ते रोज असंच पाणी अडवून चौक धुतात."

"नोकरीत अर्जाशिवाय कालव्याचं दार कधी उघडलं नाहीत," मी म्हटलं, "आणि इथे लगेच?"

म्हातारीने फळी पुन्हा बसवली आणि खराटा ह्यांच्याच हातात दिला. घरात केरसुणी कुठे असते हे ठाऊक नसलेला माणूस पँट दुमडून चौक झाडू लागला. मी फोटोसाठी फोन काढला.

"ढाळ बघ कसा काढलाय," हे खाली बघत म्हणाले. "पाणी पार शेवटच्या दुकानापर्यंत जातंय. आमच्या कालव्याचं शेवटच्या शेतापर्यंत कधी पोचलंच नाही गं."

मी फोन पर्समध्ये टाकला. "अहो," म्हटलं, "तो कोपरा राहिला."