कोठाराची कडी

लष्कराच्या ज्या कोठारात माझी बायको कामावर असताना जळून मेली, त्याचं आता कलाकेंद्र झालंय. "दार आतून उघडत होतं, बाईच गोंधळली," असं तिथल्या साहेबांनी चौकशीत सांगितलं होतं. उद्घाटनाला पाहुणे तेच. जुनी दारं होती तशी बसवणारा सुतार मी. त्यांनी मला ओळखलं नाही. "झकास काम, मिस्त्री!" "आतूनही बघा की, साहेब." ते आत गेले. मी दार ओढलं आणि कडी घातली. धक्के सुरू झाले. लोकांना वाटलं, हाही कलेचाच प्रकार; त्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल काढले. केंद्राच्या बाई कुजबुजल्या, "मिस्त्री, पुरे." मी कडीवरचा हात काढला नाही. आतून साहेब किंचाळले, "अरे गाढवा, कडी बाहेरून आहे! आतून कसं उघडू?" टाळ्या थांबल्या. "जरा मोठ्यानं, साहेब," मी म्हणालो, "मागच्यांना ऐकू आलं नाही."