धाकट्याचा साचा

जोडे शिवणाऱ्या म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा घर लुटून पळाला, तरी म्हातारा दर रविवारी चर्चमधून आल्यावर त्याच्या पायाच्या मापाचा लाकडी साचा तेल लावून पुसायचा. बावीस वर्षं दुकान ओढलं थोरल्याने, अन् त्याच्या साच्यावर कोळ्यांनी संसार थाटले. "चोराला तेल आणि मला कोळिष्टकं!" असं जळफळत तो धाकट्याचा साचा दरवर्षी गुपचूप कानशीने केसभर घासून लहान करायचा. एका सकाळी धाकटा अनवाणी उगवला की हो! मंद नजरेच्या बापाने गहिवरून त्याच साच्यावर जोडे शिवले. "मापात बसले, बाबा," म्हणत धाकटा लंगडतच चर्चला निघाला. थोरला मनात खुदखुदला. पण पायरीवर रक्त दिसलं आणि त्याने भावापुढे गुडघे टेकले. "साचा मी घासला रे." "वाटलंच! बाबांचा हात इतका चुकत नाही," धाकट्याने हसून पाय पुढे केला. "जोडा ओढून काढ, दादा!"