पाठीवरची कडी

अशी केस डॉक्टरला जन्मात एकदाच मिळते. म्हाताऱ्या शिंप्याच्या पाठीवर दुर्मीळ आजाराने उमटलेली निळी कडी म्हणजे नामांकित मासिकात लेख, परदेशवारी, झालंच तर विभागप्रमुखाची खुर्ची. अडचण एवढीच, की पहिल्याच इंजेक्शनने कडी पुसली जाणार होती आणि मासिकाला चालेल असा फोटो काढणारा उद्या उगवणार होता.

"मास्तर, आधी फोटो. इंजेक्शन उद्या."

"मग दाढी करून घेतो की!"

"फोटो पाठीचा आहे हो."

उद्या उजाडेपर्यंत आजार डोळ्यांत उतरला होता. वेळेवर इंजेक्शन मिळतं तर डोळे वाचले असते, हे एकट्या डॉक्टरांना ठाऊक होतं.

लेख छापून आला, तेव्हा मासिक घेऊन ते स्वतः दुकानात गेले. मास्तरांनी पानावरून बोटं फिरवली.

"चांगला आलाय ना फोटो?"

"फार छान."

"मग थांबलो ते वाया नाही गेलं," मास्तर म्हणाले आणि सुनेने ओवून दिलेली सुई चाचपडत उचलली.