वकीलसाहेबांची पळवाट

कामाला एकट्यानं गाडी घेऊन येणाऱ्याला पार्किंग मिळणार नाही, असा नियम शहरात निघाला. वकीलसाहेब गालातल्या गालात हसले. दुसरा माणूस कोण असावा, हे नियमात कुठंच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निवृत्त मास्तरीण असलेल्या आईला शेजारी बसवलं. कोर्टाच्या फाटकावरचा शिपाई वाकून दोन डोकी बघायचा, गाडी आत जायची आणि आई बसनं घरी परतायची. वाटेत मात्र तिच्या तोंडाला खळ नसे. तिचे गुडघे, बिघडलेला गिझर, शेजारणीची सून! साहेब नुसते हं-हं करत.

एकदा सिग्नलला ते वैतागून म्हणाले, "कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला हा नियम, देव जाणे!"

"नगरसेविकेच्या. माझीच विद्यार्थिनी ती. दुसरा माणूसही नोकरीवालाच हवा, असं लिहीत होती. मी म्हटलं, तेवढं खोड."

साहेबांनी गर्रकन मान आईकडं वळवली.

"घरी तू मला सापडतोस कधी? सिग्नल सुटला, पुढं बघ. आणि हो, पुढच्या महिन्यापासून गाडीत तीन माणसं लागणार आहेत. मावशीला सांगून ठेवलंय."